अमेरिकेत पहिला ट्रॅव्हल ट्रेलर घेताना : आधी वजन, मग फोडणी

डीलरच्या आवारात ट्रेलरचं दार उघडलं की समोर इलेक्ट्रिक फायरप्लेस, त्यावर मोठा टीव्ही आणि छताला रंगीत दिव्यांच्या पट्ट्या असा थाट असतो. कॅम्पग्राउंडवर यातलं काहीच फारसं वापरलं जात नाही. खरेदी जमली की फसली, हे ठरवणारे आकडे दोन स्टिकरवर असतात. एक तुमच्या गाडीच्या दाराच्या चौकटीत, दुसरा ट्रेलरच्या दारापाशी. विक्रेता स्वतःहून ते दाखवेल याची खात्री नाही, म्हणून कुठे बघायचं ते आधी माहीत हवं.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच ट्रेलर घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. मोटरहोम आणि फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यात जोडायचा ट्रेलर) हे वेगळे विषय. इथे फक्त मागच्या हिचला जोडून ओढायच्या ट्रेलरबद्दल. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. आधी ट्रेलर पसंत करून मग गाडीचे आकडे पाहणाऱ्यांना बऱ्याचदा त्यापायी ट्रकही नवा घ्यावा लागतो.

१. गाडीचा पेलोड वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारा पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांपेक्षा जास्त वजन नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा पेलोड. तो तुमच्या नेमक्या गाडीचा असतो. त्याच मॉडेलच्या शेजारच्या गाडीचा सनरूफ आणि मोठ्या चाकांमुळे दोनशे पाउंडांनी कमी असू शकतो. म्हणून माहितीपत्रकातला आकडा धरू नका.

जाहिरातीतली 'टोइंग कपॅसिटी' वेगळी. ती मोजताना गाडीत प्रत्येकी १५० पाउंडांची दोनच माणसं धरलेली असतात. तुमच्या गाडीत चौघं, मागे सायकली, बर्फाचा कूलर आणि तांदळाची पिशवी असते.

एक हिशेब करून बघू. ट्रकचा पेलोड १,५०० पाउंड. चार माणसं मिळून ५२०. मागच्या हौद्यात जनरेटर, खुर्च्या, सायकली १९०. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं (ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या जोडणीचं) स्वतःचं वजन ९०. उरले ७००. ट्रेलरची नळी, म्हणजे टंग, हिचवर जो भार टाकते तो या ७०० मध्ये बसला पाहिजे. हा भार भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. १३ टक्के धरले तर ७०० भागिले ०.१३, म्हणजे साधारण ५,४०० पाउंड. जाहिरातीत हाच ट्रक दहा हजार ओढतो म्हणून सांगितलेला असतो. पेलोड इतक्या लवकर संपतो हे बहुतेकांना पहिल्यांदा पटतच नाही.

मिनीव्हॅन आणि एसयूव्हीवाल्यांसाठी: होंडा ओडिसी आणि टोयोटा सिएना ३,५०० पाउंड, टोयोटा हायलँडर व्ही-सिक्स (२०२२ पर्यंतची मॉडेलं), ऑल-व्हील ड्राइव्ह होंडा पायलट आणि किया टेल्युराइड ५,००० पाउंड. हे कमाल आकडे, आणि पेलोड त्याआधीच संपतो. शिवाय मॅन्युअलमधलं टोइंगचं प्रकरण शेवटपर्यंत वाचा. काही गाड्यांना वेट डिस्ट्रिब्युशन हिच चालत नाही, काहींना ट्रेलरच्या समोरच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाची मर्यादा असते, आणि उभ्या भिंतीसारखं तोंड असलेला हलका ट्रेलरही त्या मर्यादेबाहेर जातो. इलेक्ट्रिक गाडीने ओढायचा विचार असेल तर रेंज साधारण निम्म्यावर येते हे धरूनच मार्ग आखा. बऱ्याच चार्जरवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लावताच येत नाही.

२. ट्रेलरचं खरं वजन काढा

माहितीपत्रकात 'ड्राय वेट' ठळक असतं. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, कपडे नाहीत, आणि बऱ्याचदा बॅटरीही नाही. ४,८०० ड्राय वेटचा ट्रेलर चार माणसांच्या सामानासकट सहज ५,७०० च्या पुढे जातो. म्हणून हिशेब जीव्हीडब्ल्यूआरवर, म्हणजे ट्रेलरच्या कमाल परवानगी असलेल्या वजनावर करा. वरच्या उदाहरणात ५,४०० च्या आत जीव्हीडब्ल्यूआर असलेला ट्रेलर शोधायचा.

दारापाशी दुसरा स्टिकर: सामानासाठी किती पाउंड शिल्लक आहेत. हा आकडा १,००० च्या खाली असेल तर कुटुंबासाठी तो ट्रेलर घेऊ नका. एक गॅलन पाणी ८.३४ पाउंडांचं, ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पाउंड तिथेच गेले. डीलरने नंतर बसवलेला दुसरा एसी किंवा जास्तीच्या बॅटऱ्याही याच आकड्यातून वजा होतात.

माहितीपत्रकातलं टंग वेटही कोरडंच असतं. दोन गॅस सिलिंडर, बॅटरी आणि पुढचा सामानाचा कप्पा हे सगळं नळीजवळ असल्यामुळे खरा भार शेदोनशे पाउंडांनी वाढतो. तो कमी करायला सामान मागे ढकलू नका. १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो आणि ट्रक बाजूने गेला की सावरता येत नाही. जड वस्तू ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे ठेवा. मागच्या चौकोनी बंपरला सायकलींचा रॅक लावायची कल्पना मोहक असते, पण तो बंपर पातळ पत्र्याचा असतो आणि वेल्डिंगपाशी तुटतो.

३. लांबी, आणि तो ठेवायचा कुठे

मॉडेलच्या नावातला २२ हा आकडा बहुधा आतल्या खोलीची लांबी सांगतो. हिचपासून बंपरपर्यंत मोजलं तर तीन-चार फूट जास्त भरतात. कॅम्पग्राउंडच्या नियमात पूर्ण लांबी धरली जाते. योसेमिटीच्या अपर पाइन्समध्ये ट्रेलरला २४ फुटांची मर्यादा आहे. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर ॲव्हलांच कॅम्पग्राउंडच्या पुढे २१ फुटांहून लांब वाहन जाऊ देत नाहीत, आणि त्यात गाडी आणि ट्रेलर दोन्ही मिळून धरतात. तिथे ट्रेलर खाली ठेवूनच जायचं. राष्ट्रीय उद्यानांत राहायचं स्वप्न असेल तर २५ फुटांच्या आतला ट्रेलर बघा. खाजगी आरव्ही पार्कवरच जाणार असाल तर ३० फूटही चालेल.

आणि घरी ठेवणार कुठे? बऱ्याच एचओए (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटना) ड्राइव्हवेत ट्रेलर उभा करू देत नाहीत. नियमावली आधी वाचा आणि स्टोरेजचं महिन्याचं भाडं खर्चात धरा.

४. बांधणी आणि छप्पर

अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर उत्तर इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात. जेको, कीस्टोन आणि एअरस्ट्रीम थोर इंडस्ट्रीजचे; ग्रँड डिझाइन विनेबेगोचं; फॉरेस्ट रिव्हर बर्कशायर हॅथवेच्या मालकीची. बाहेरचं नाव वेगळं असलं तरी ॲक्सल, फ्रिज, फर्नेस आणि बाहेर सरकणाऱ्या भिंतीची यंत्रणा त्याच चार-पाच पुरवठादारांची असते. त्यामुळे ब्रँडवरून वाद घालण्यापेक्षा समोरचा नग कसा जोडलाय ते बघणं जास्त शहाणपणाचं.

भिंतींचे मुख्य प्रकार:

- लाकडी सांगाडा आणि बाहेर नालीदार ॲल्युमिनियम पत्रा. स्वस्त, दुरुस्तीला सोपा. पाणी शिरलं तर बाहेरून कळत नाही.
- फायबरग्लासचे चिकटवलेले थर. गुळगुळीत आणि दिसायला देखणा. पाणी शिरलं की थर सुटून भिंतीला फुगवटे येतात, आणि ती दुरुस्ती महाग असते.
- एकसंध साच्यातलं फायबरग्लास, जसे स्कॅम्प, कसीटा, एस्केप. सांधे कमी म्हणून गळती कमी, जुना झाला तरी भाव टिकतो. आकार मात्र लहान.

एअरस्ट्रीमचं रिव्हेट मारलेलं ॲल्युमिनियम टिकाऊ, किंमत मात्र वेगळ्याच पातळीवरची.

छप्पर रबराचं किंवा प्लॅस्टिकच्या पडद्याचं असतं: ईपीडीएम, टीपीओ किंवा पीव्हीसी. कोणतंही चालेल, गळती होते ती व्हेंट, अँटेना आणि कडांच्या सीलंटमधून. सेल्फ-लेव्हलिंग लॅप सीलंटच वापरा आणि ते तुमच्या छपरासाठी असल्याची खात्री करा. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन अजिबात नको. एकदा लावलं की त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही आणि खरवडून काढताना छप्पर फाटतं.

५. आतला आराखडा

स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारी भिंत, खोली मोठी करते. सोबत वजन, मोटर आणि रबरी सील घेऊन येते. विक्रेत्याला स्लाइड बंद करायला लावा आणि मग आत जाऊन बघा: संडासापर्यंत पोचता येतं का? फ्रिज उघडतो का? रस्त्यात थांबून डबा काढायचा किंवा मुलाला बाथरूमला न्यायचं तर दर वेळी स्लाइड उघडणं शक्य नसतं.

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येणार असतील तर पलंग दोन्ही बाजूंनी उतरता येण्याजोगा हवा. भिंतीत खुपसलेल्या आडव्या पलंगावर आतल्या माणसाला रात्री उठायचं तर बाहेरच्याला ओलांडावं लागतं. पायऱ्या जमिनीवर टेकणाऱ्या घ्या. हवेत लोंबणाऱ्या पायऱ्या डुलतात आणि वयस्कर माणूस बिचकतो. आवारातच बाथरूमचं दार लावून कमोडवर बसून बघा. गुडघे दाराला टेकत असतील तर पुढचा ट्रेलर.

मुलांच्या बंक बेडची वजनमर्यादा फळीवर लिहिलेली असते. मुलं वाढतात, फळी तीच राहते.

६. स्वयंपाकघर

अमेरिकन ट्रेलर कॉफी, सँडविच आणि बाहेरच्या ग्रिलसाठी आखलेला असतो. पोळ्या, वरण आणि फोडणी हा बेत त्याच्या डोक्यात नाही. म्हणून हा भाग विक्रेत्याच्या भरवशावर सोडू नका.

पहिलं, चुलीवरचा हूड. हात वर करून बघा: तो धूर बाहेर टाकतो की कोळशाच्या जाळीतून गाळून परत तुमच्याच तोंडावर सोडतो? दुसऱ्या प्रकारात मोहरी-हिंगाच्या फोडणीचा वास गाद्या आणि पडद्यांत महिनाभर राहतो. बाहेर टाकणारा असेल तर ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर त्याचं झाकण असतं, आणि त्याला दोन छोट्या खिट्ट्या असतात. प्रवासात झाकण उडू नये म्हणून त्या लावून ठेवतात. मुक्कामी पोचल्यावर त्या उघडायला विसरलं की पंखा घरघरतो आणि धूर जिथल्या तिथे. 'हूड कामच करत नाही' ही तक्रार बऱ्याचदा या खिट्ट्यांचीच असते.

दुसरं, छतावरचा १४ इंची पंखा. साध्या झाकणाऐवजी उलटसुलट फिरणारा, पावसाची टोपी असलेला पंखा घ्या. चांगला पंखा मिनिटाला सुमारे ९०० घनफूट हवा ओढतो. तळताना तो बाहेरच्या दिशेने लावा आणि समोरची एकच खिडकी थोडी उघडा, म्हणजे हवेला वाट मिळते. स्मोक अलार्म वाजला म्हणून बॅटरी काढून ठेवू नका. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरवरची मुदतही बघा; पाच ते सात वर्षांत तो बदलावाच लागतो.

चूल तीन बर्नरची असते. मोठा बर्नर साधारण ९,००० बीटीयू, मागचे ६,५०० च्या आसपास. कुकर आणि तवा शेजारी बसतात का, हे आपली भांडी नेऊन बघा. लोकांना संकोच वाटतो, वाटू नये. पोळपाट ठेवायला सिंकवरचं झाकण बऱ्याचदा हीच एक जागा असते, म्हणजे लाटताना सिंक बंद. फ्लिप-अप ओटा, म्हणजे बाजूला उघडणारी फळी, असलेला नमुना मिळाला तर घ्या.

भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या १२० व्होल्टवर चालणार नाही. ११० व्होल्टचं मॉडेल इथे मिळतं. इंडक्शनची शेगडी पूर्ण ताकदीवर १,८०० वॉट, म्हणजे १५ अँपिअर घेते, आणि ३० अँपिअरच्या ट्रेलरचा निम्मा वाटा तीच खाते.

फ्रिज दोन जातींचे. जुन्या पद्धतीचा ॲबसॉर्प्शन फ्रिज गॅसवर किंवा १२० व्होल्टवर चालतो. थंड व्हायला सहा-आठ तास लावतो आणि ट्रेलर सपाट उभा नसेल तर बिघडतो. नवा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज लवकर थंड होतो, तिरका उभा असला तरी चालतो, पण बॅटरी खातो. वीज-पाणी असलेल्या कॅम्पग्राउंडवरच राहणार असाल तर कॉम्प्रेसरवाला घ्या. जंगलात आठवडाभर राहायचं असेल तर गॅसवाला, कारण २० पाउंडांच्या एका सिलिंडरवर नुसता फ्रिज दहा-बारा दिवस चालतो.

७. पाणी आणि संडास

तीन टाक्या असतात: ताजं पाणी, ग्रे (सिंक आणि शॉवरचं) आणि ब्लॅक (संडासाचं). ट्रेलर निवडताना लोक ताज्या पाण्याची टाकी विचारतात. मुक्काम मात्र ग्रे टाकी भरली की संपतो. आपल्या स्वयंपाकात भांडी जास्त, तेलही जास्त. कढई टिश्यूने पुसून मगच धुवा, नाहीतर तेलाचा थर टाकीच्या सेन्सरवर चढतो आणि रिकामी टाकीही भरलेली दाखवते. निदान ३० गॅलनची ग्रे टाकी बघा, दोन असतील तर उत्तम.

जेट स्प्रे बसवायचा असेल तर बसवा, पण हिशेब करून. चार जण, दिवसातून दोनदा, अर्धा गॅलन धरला तरी ब्लॅक टाकीत रोज चार गॅलन वाढतात, आणि तीन दिवसांत १२. स्प्रेच्या आधी भिंतीवर स्वतंत्र कॉक हवा आणि वापरानंतर तो दर वेळी बंद हवा. हँडल गळायला लागलं की पंप पाणी देत राहतो आणि फरशीखालचं लाकूड फुगतं.

ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह साइटवर उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं, घन खाली साचून दगडासारखं होतं. दोनतृतीयांश भरल्यावर, आधी ब्लॅक आणि मग ग्रे सोडा, म्हणजे ग्रेच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो.

गिझर बहुधा सहा गॅलनचा. सबर्बन कंपनीच्या स्टीलच्या टाकीत झिजण्यासाठीच बसवलेली ॲनोड कांडी असते. ती दर वर्षी काढून बघा. ॲल्युमिनियमच्या टाकीत ती नसते. टँकलेस गिझर अखंड गरम पाणी देतो, पण नळ अगदी बारीक सोडला तर ज्योत विझते आणि अंगावर मध्येच थंड पाणी येतं.

८. वीज

३० अँपिअरचा ट्रेलर म्हणजे १२० व्होल्ट गुणिले ३०, एकूण ३,६०० वॉट. १३,५०० बीटीयूचा एसी सुमारे १३ अँपिअर, गिझरची विजेची कांडी १२, मायक्रोवेव्ह १२. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडतो. गिझर गॅसवर टाका, प्रश्न मिटतो. ५० अँपिअरच्या जोडणीत प्रत्येकी ५० च्या दोन वाहिन्या असतात, एकूण १२,००० वॉट. दोन एसी असलेल्या मोठ्या ट्रेलरलाच त्याची गरज. टेक्सास किंवा ॲरिझोनात उन्हाळ्यात जाणार असाल तर एसी १५,००० बीटीयूचा घ्या.

घरी ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घेताना इलेक्ट्रिशियनला लिहून द्या: टीटी-३०, १२० व्होल्ट. तीन पायांचं ते सॉकेट बघून कपड्यांच्या ड्रायरसारखं २४० व्होल्टचं वायरिंग करणारे भेटतात, आणि प्लग लावल्याक्षणी ट्रेलरमधली उपकरणं जळतात. कॅम्पग्राउंडच्या खांबावरही चुकीचं वायरिंग किंवा कमी व्होल्टेज असू शकतं. त्यासाठी नुसता सर्ज प्रोटेक्टर पुरत नाही. वीज तपासून गरज पडल्यास तोडणारा ईएमएस घ्या.

हुकअपशिवाय, म्हणजे कॅम्पग्राउंडच्या वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय, राहायचं असेल तर बॅटरीचा हिशेब असा. फर्नेसचा पंखा सुमारे ७ अँपिअर घेतो. थंड रात्री आठ तासांत निम्मा वेळ चालला तरी २८ अँपिअर-अवर गेले. कॉम्प्रेसर फ्रिज दिवसभरात ५० ते ७०. दिवे आणि पंप दहाएक. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे एक रात्रही धड निघत नाही. तेवढीच लिथियम बॅटरी, साधारण १,२८० वॉट-अवर, जवळपास पूर्ण वापरता येते. तिच्यासाठी कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) लिथियमला चालणारा हवा, आणि शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करायची नाही. कडाक्याच्या थंडीत बाहेर नळीवर ठेवलेली लिथियम बॅटरी म्हणूनच अडचणीची.

२०० वॉटचं सोलर पॅनेल उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी ७५० वॉट-अवर, म्हणजे ६० च्या आत अँपिअर-अवर देतं. 'सोलर रेडी' या शब्दाला भुलू नका; बऱ्याचदा त्याचा अर्थ भिंतीवर एक सॉकेट आणि आत वायर, पॅनेल नाहीच. एसी बॅटरीवर चालवायचं विसरा. एक १०० अँपिअर-अवरची लिथियम त्याला पाऊण तास पुरते. त्यासाठी २,२०० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर आणि एसीला सॉफ्ट-स्टार्ट (सुरू होतानाचा विजेचा झटका कमी करणारं उपकरण) लागतो, आणि उंचीवर जनरेटरची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्क्यांनी उतरते.

९. हिच, ब्रेक आणि टायर

वेट डिस्ट्रिब्युशन हिच टंग वेटप्रमाणे निवडा, ट्रेलरच्या लांबीप्रमाणे नाही. सोबत स्वे कंट्रोल (ट्रेलरचं डुलणं रोखणारी सोय) असलेलीच घ्या. गाडीला सात पिनांचं सॉकेट आणि प्रपोर्शनल ब्रेक कंट्रोलर हवा. हा प्रकार गाडी जितकी जोरात थांबते तितकाच ट्रेलरचा ब्रेक लावतो. स्वस्तातला टाइम-डिलेवाला ठरावीक जोर लावतो आणि हिसके देतो. ब्रेकअवे स्विच, म्हणजे ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी दोरी, ट्रेलरच्या बॅटरीवर चालतो. बॅटरी काढून ट्रेलर हलवला तर तो नावापुरताच.

टायरवर एसटी (स्पेशल ट्रेलर) लिहिलेलं असावं. चार आकडी तारीख बघा: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. पाच-सहा वर्षांनी नक्षी शाबूत दिसली तरी टायर बदलतात, कारण ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने कुजतात. टीपीएमएस (टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा) बसवा; ट्रेलरचा टायर फुटला तर ड्रायव्हरला लगेच कळतही नाही, आणि फुटलेल्या टायरच्या पट्ट्या चाकाच्या कमानीसकट खालच्या पाइपलाइनही उखडतात.

१०. वेगळं घ्यायचं सामान

- पाण्याच्या दाबाचा रेग्युलेटर (४५ ते ५० पीएसआय) आणि पिण्याच्या पाण्याचा पांढरा होज. हिरवा बागेचा नको
- १५-२० फुटी सांडपाण्याचा होज, पारदर्शक एल्बो, हातमोजे
- ईएमएस, ३० ते १५ अँपिअर अडॅप्टर
- सपाटीकरणाचे ठोकळे, चाकांना लावायचे चॉक, दोन चाकांच्या मधला लॉकिंग चॉक
- टॉर्क रेंच, टायर गेज, ट्रेलरच्या नटांना बसणारा सॉकेट
- गाडीचे लांब आरसे
- लॅप सीलंट आणि सीलंटची गन

११. ताब्यात घेण्याआधी

सही करण्याआधी तीन-चार तास तपासणीला ठेवा, आणि ट्रेलरला वीज, पाणी, गॅस तिन्ही जोडून ठेवायला सांगा. ॲबसॉर्प्शन फ्रिज असेल तर आदल्या रात्रीच सुरू करायला सांगा. गिझर गॅसवर आणि विजेवर, दोन्ही बघा. पाणी आधी होजने, मग पंपाने. दोन्ही वेळा सिंकखाली आणि कमोडमागे कोरडा टिश्यू फिरवा. स्लाइड आणि ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छत) दोनदा उघडा-मिटा. शिडी लावून छताचे फोटो घ्या. ब्रेकअवेची पिन ओढून ट्रेलर ओढायचा प्रयत्न करा. चाकं अडली पाहिजेत. जे बिघडलेलं निघेल ते लेखी यादीत, डीलरच्या सहीसकट. 'घेऊन जा, नंतर करून देतो' याला नकार द्या. मोसमात वॉरंटीच्या दुरुस्तीसाठी ट्रेलर आठवडेच्या आठवडे आवारात पडून राहतात.

जुना ट्रेलर असेल तर मॉइश्चर मीटर घेऊन जा. पुढचे वरचे कोपरे, खिडक्यांखाली, दारापुढची आणि शॉवरपुढची फरशी पायाने दाबून बघा. आत एअर फ्रेशनरचा वास दरवळत असेल तर शंका घ्या.

कागदपत्रं:

- नवा असेल तर उत्पादकाचं ओरिजिन सर्टिफिकेट, जुना असेल तर कर्जमुक्त टायटल; दोन्हींवरचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) ट्रेलरवरच्या पट्टीशी जुळवून
- बिल ऑफ सेल, राज्याचा विक्रीकर, रजिस्ट्रेशन
- व्हीआयएनवरून एनएचटीएसएच्या (रस्ते-वाहन सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) साइटवर रिकॉल तपासल्याचा प्रिंट
- विमा. ट्रेलर जोडलेला असताना दुसऱ्याचं नुकसान बऱ्याच पॉलिसींत गाडीच्या विम्यात येतं, पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान येत नाही. एजंटकडून उत्तर ईमेलवर घ्या.
- फ्रिज, एसी, फर्नेस यांची वॉरंटी स्वतंत्रपणे नोंदवल्याची पावती

१२. पहिली फेरी

घरापासून तासाभरावरचं, वीज-पाणी-सांडपाणी तिन्ही असलेलं कॅम्पग्राउंड निवडा. वाटेत ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन करा: एकदा ट्रेलर जोडून पण हिचचे भार वाटणारे बार सैल ठेवून, एकदा नुसता ट्रक. पहिल्या वेळच्या ट्रकच्या दोन ॲक्सलच्या बेरजेतून दुसऱ्या वेळचं वजन वजा केलं की खरा टंग वेट मिळतो. चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचने तपासा. नवीन चाकांचे नट सैल पडतात.

फोनच्या नकाशाला तुम्ही ट्रेलर ओढताय हे कळत नाही. न्यू यॉर्कच्या पार्कवेंवर ट्रेलरना बंदी आहे आणि पूल ठेंगणे आहेत. न्यू जर्सीहून शेनंडोआकडे जाताना बाल्टिमोरच्या बोगद्यांतून १० पाउंडांपेक्षा मोठे प्रोपेन सिलिंडर नेता येत नाहीत, म्हणून शहराभोवतीच्या आय-६९५ महामार्गाच्या पश्चिमेच्या वळणाने जावं लागतं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ मैल. बाकी राज्यांतही ६०-६५ च्या वर जाऊ नका.

साइटवर क्रम असा: आधी डावी-उजवी बाजू ठोकळ्यांनी सपाट, मग चाकांना चॉक, मग ट्रेलर सोडायचा, मग जॅकने पुढची-मागची बाजू, शेवटी कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर. स्टॅबिलायझर डुलणं थांबवण्यासाठी असतात. त्यांनी ट्रेलर उचलायला गेलं की सांगाडा वाकतो. ऑनिंग झोपण्यापूर्वी आत घ्या.

पहिली गोठवणारी रात्र येण्याआधी सगळं पाणी काढा, गिझर बायपास करा आणि दोन-तीन गॅलन गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ पंपाने प्रत्येक नळातून, शॉवरमधून आणि जेट स्प्रेमधूनही येईपर्यंत ओढा. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं अँटिफ्रीझ विषारी असतं. ते पाण्याच्या पाइपात कधीच नको. स्प्रेचा पाइप हमखास राहून जातो आणि वसंतात पहिला तोच फुटलेला सापडतो.